शेअर फोल्डरमुळे ऑफिसचे कॉम्प्युटर अडकतात तेव्हा: लक्षणं आणि तपासणीचा क्रम

आधी लक्षणं बघू.

'धिस पीसी' उघडलं की पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहते आणि ड्राइव्ह दिसायला अर्धं मिनिट लागतं. वर्डमध्ये, एक्सेलमध्ये, अगदी ब्राउझरमध्येसुद्धा 'सेव्ह अ‍ॅज' दाबलं की खिडकी पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. माउस हलतो, पण क्लिक कुठेच लागत नाही. वीस सेकंदांनी, कधी मिनिटाने, सगळं आपोआप सुटतं आणि मधे केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात. टॅलीत व्हाउचर सेव्ह करताना एक मशीन थांबतं आणि त्याच वेळी बाजूच्या टेबलावरून "माझंही अडकलं" असा आवाज येतो. काही ठिकाणी सकाळचा पहिला तास त्रास होतो आणि नंतर दिवस बरा जातो. काही ठिकाणी जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला क्लिक अडकतो.

ठाण्यात नौपाड्यातली सीएंची ऑफिसं, वागळे इस्टेटमधली छोटी युनिट, नवी मुंबईत तुर्भ्याच्या मार्केटमधले गाळे, सगळीकडे मी हीच तक्रार पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. रचनाही सारखीच असते. चार ते पंधरा कॉम्प्युटर, त्यांतलाच एक साधा पीसी 'सर्व्हर' म्हणून कोपऱ्यात, त्याचा एक फोल्डर सगळ्यांना शेअर केलेला, मधे एक छोटा नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्यांच्या केबली जिथे जोडलेल्या असतात ती डबी. मी पोचेपर्यंत बहुतेक ठिकाणी रॅम वाढवून झालेली असते, एसएसडी टाकून झालेली असते, विंडोज फॉरमॅट मारून नवीन टाकून झालेलं असतं. पैसे गेलेले असतात आणि त्रास तसाच असतो.

याचं कारण असं की जे मशीन अडकलेलं दिसतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेलं असतं. विंडोज शेअर फोल्डर मागतं आणि समोरचं मशीन बंद असेल किंवा त्याचा पत्ता बदललेला असेल, तर विंडोज एका नकाराने थांबत नाही. ते पुन्हा पुन्हा हाक मारतं आणि साधारण वीस सेकंदांनी नाद सोडतं. आधी जोडलेला संबंध मधेच तुटला तर ही वाट मिनिटभरही लांबते. तेवढा वेळ एक्सप्लोररची ती खिडकी काही करू शकत नाही. अशा दोन-तीन मेलेल्या वाटा एकाच मशीनवर असल्या तर प्रत्येकीची वाट बघण्यात वेळ वाढत जातो. 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकीही आतून एक्सप्लोररचीच असते, म्हणून ज्या प्रोग्रॅमचा शेअरिंगशी काही संबंध नाही तोही अडकतो आणि लोकांचा संशय त्या प्रोग्रॅमवर जातो.

फुकटच्या दोन चाचण्या

मशीन अडकण्याआधीच टास्क मॅनेजर उघडून बाजूला ठेवा. अडकल्यावर सीपीयू आणि डिस्कचे आकडे बघा. सीपीयू पाच-दहा टक्के, डिस्क जवळपास शांत, मेमरी शिल्लक आणि तरीही खिडकी हलत नसेल, तर मशीन कशाची तरी वाट बघतंय. याउलट अडकलेल्या मशीनचीच डिस्क शंभर टक्के दाखवत असेल तर आजार वेगळा आहे. तिथे त्या मशीनची हार्ड डिस्क आणि सुरू होताना चालणारे प्रोग्रॅम तपासा, खालची यादी त्यासाठी नाही.

दुसरी चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. मशीन अडकलेलं असताना त्याची लॅनची केबल काढा, वायफायवर असेल तर वायफाय बंद करा. चार-पाच सेकंदांत खिडकी सुटली तर दोष नेटवर्कवरच्या वाटेत आहे. केबल निघाल्याबरोबर विंडोजला कळतं की आता हाक मारायला मार्गच नाही, आणि ते लगेच नाद सोडतं. मात्र ही चाचणी करण्याआधी त्या मशीनवर टॅली, अ‍ॅक्सेसचा डेटाबेस किंवा सर्व्हरवरची एक्सेल फाइल उघडी नाही याची खात्री करा. लिहिणं चालू असताना केबल काढली तर फाइल अर्धवट राहून खराब होऊ शकते. जीएसटी भरण्याच्या २० तारखेला किंवा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हा प्रयोग करूच नका. संध्याकाळी सगळे उठल्यावर करा.

अडकणारं मशीन एकच आहे की सगळी, हेही आत्ताच विचारून घ्या. एकच असेल तर दोष त्या मशीनवरच्या जुन्या वाटांत किंवा त्याच्या केबलमध्ये सापडतो. सगळी एकदम अडकत असतील तर शेअर करणारं मशीन किंवा स्विच बघायचा. हा एक प्रश्न पुढची अर्धी तपासणी वाचवतो.

ज्याचा फोल्डर आहे ते मशीन जागं आहे का

कोपऱ्यातला 'सर्व्हर' हा साधा पीसी असतो आणि साध्या पीसीला काही वेळ कुणी हात लावला नाही की झोपायची सवय असते. त्याच्यासमोर कुणी बसत नाही, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तो स्लीपमध्ये जातो. स्क्रीन तर आधीपासूनच बंद असते, म्हणून कुणाला कळतही नाही. सेटिंग्जमध्ये 'पॉवर'मध्ये जाऊन स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालेल. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'पॉवर मॅनेजमेंट' आणि वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. तिथेच 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' किंवा 'ग्रीन इथरनेट' असं काही दिसलं तर तेही बंद करून बघा. काही स्वस्त स्विचशी ही वीज वाचवायची पद्धत जुळत नाही आणि जोडणी क्षणभर तुटून पुन्हा लागते. तेवढा क्षण टॅलीला पुरतो.

सकाळच्या पहिल्या तासाचा त्रास बहुधा सुरू करण्याच्या क्रमाचा असतो. रात्री सगळं मेन स्विचवरून बंद होतं, सकाळी जो पहिला येतो तो आपला पीसी चालू करतो, सर्व्हर शेवटी लागतो. सर्व्हर तयार होईपर्यंत बाकीची मशीन त्याला हाका मारत राहतात. आधी स्विच आणि राउटर, मग सर्व्हर, तो पूर्ण सुरू झाल्यावर बाकीचे, असा क्रम एका कागदावर लिहून मेन स्विचजवळ चिकटवा. लाइट जाऊन आली की तोच क्रम. सर्व्हरला यूपीएस असतो, पण स्विचला नसतो, हे मी फार ठिकाणी बघतो. लाइट क्षणभर जरी लपकली तरी स्विच पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात सगळ्यांच्या उघड्या फाइली तुटतात. स्विच अगदी थोडी वीज खातो, त्याचा प्लग त्याच यूपीएसवर हलवा.

मेलेल्या वाटा

एकच मशीन अडकत असेल तर मी सगळ्यात जास्त वेळ इथे देतो आणि बहुतेक वेळा इथेच काम होतं. जुना सर्व्हर बदलून वर्ष झालेलं असतं, पण त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा मशीनमध्ये जागोजागी राहिलेल्या असतात.

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेट यूज' हे दोन शब्द टाइप करून एंटर मारा. मॅप केलेल्या, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर देऊन जोडलेल्या, सगळ्या शेअर फोल्डरांची यादी येते. 'अनअव्हेलेबल' किंवा 'डिस्कनेक्टेड' दिसणाऱ्या ड्राइव्हपैकी ज्यांचं मशीन आता अस्तित्वातच नाही ते 'धिस पीसी'मध्ये राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' करा. एक सांगून ठेवतो. चालू सर्व्हरच्या ड्राइव्हवर लाल फुली दिसली म्हणून घाबरायचं नाही. पंधरा मिनिटं काही हालचाल नसेल तर सर्व्हर स्वतःहून संबंध सोडतो. पुढच्या क्लिकला तो पुन्हा जुळतो आणि क्षणभराचा उशीर होतो. हा बिघाड नाही.

मग डेस्कटॉपवरचे शॉर्टकट. जुन्या सर्व्हरवरच्या फाइलचा शॉर्टकट नुसता डेस्कटॉपवर पडलेला असला तरी विंडोज त्याचं चित्र आणायला तिकडे जाऊ शकतं. एक्सप्लोररमध्ये डावीकडे 'क्विक अ‍ॅक्सेस'खाली पिन केलेले फोल्डर आणि अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी यांतही तेच होतं. जुने पिन काढा, 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'प्रायव्हसी'खालचं 'क्लिअर' दाबा आणि एक्सप्लोरर 'धिस पीसी'वर उघडेल असं ठेवा. एवढ्यानेच ज्यांचा त्रास थांबला अशी ऑफिसं बरीच आहेत.

फक्त वर्डच अडकत असेल, आणि तेही ठरावीक फाइल उघडतानाच, तर त्या फाइलला जोडलेलं टेम्प्लेट बघा. वकिलांच्या आणि सोसायट्यांच्या पत्रव्यवहाराच्या फाइली वर्षानुवर्षं जुन्या फाइलवरून 'सेव्ह अ‍ॅज' करत पुढे आलेल्या असतात. त्यांच्यात पूर्वीच्या सर्व्हरवरच्या टेम्प्लेटचा पत्ता तसाच राहतो आणि वर्ड प्रत्येक वेळी तो शोधायला जातं. 'डेव्हलपर' टॅबमधल्या 'डॉक्युमेंट टेम्प्लेट'मध्ये जाऊन तिथे नेहमीचं 'नॉर्मल' टेम्प्लेट लावलं की फाइल पटकन उघडते. एक्सेलमध्ये हाच आजार जुन्या लिंकांचा. 'डेटा' टॅबमध्ये 'एडिट लिंक्स' किंवा नव्या आवृत्तीत 'वर्कबुक लिंक्स' उघडा. जुन्या सर्व्हरचं नाव दिसेल. आकडे कायम ठेवायचे असतील तर लिंक तोडण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा.

आणि प्रिंटर. दुसऱ्या पीसीला जोडलेला आणि तिथून शेअर केलेला प्रिंटर तुमचा डिफॉल्ट असेल आणि तो पीसी बंद असेल, तर एक्सेल नुसतं उघडतानाही थांबतं, कारण पानाची मांडणी करायला त्याला प्रिंटरची माहिती लागते. दिवसभरासाठी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट करून बघा. त्रास थांबला तर प्रिंटर सर्व्हरला जोडा किंवा लॅनची सोय असलेला प्रिंटर थेट स्विचला लावा.

नावाने अडकतं, नंबराने उघडतं

'विंडोज' आणि 'आर' ही बटणं एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे सर्व्हरचं नाव लिहून उघडा. मग नावाऐवजी सर्व्हरचा आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, लिहून उघडा. नंबराने झटकन आणि नावाने उशिरा उघडलं, तर मशीनला नावावरून पत्ता सापडत नाहीये. नंबराने उघडतच नाही आणि सर्व्हर तर चालू आहे, तर नंबर बदललेला असण्याची शक्यता मोठी.

नंबर बदलतो कारण तो राउटर वाटतो. इंटरनेटवाल्याने राउटर बदलून दिला की सगळ्यांना नवे नंबर मिळतात आणि जुन्या नंबरावर मॅप केलेले ड्राइव्ह मरतात. राउटरमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डासाठी एक नंबर कायमचा राखून ठेवा. त्या सोयीला बहुतेक राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. सर्व्हरवर हाताने नंबर टाकण्यापेक्षा हे बरं, कारण हाताने टाकलेला नंबर राउटर नकळत दुसऱ्या कुणाला देऊन बसतो. एकच नंबर दोन मशीनना मिळाला की फोल्डर कधी उघडतो, कधी अडकतो, आणि एखाद्याचा मोबाइल वायफायला जोडला जाण्याशी त्याचा संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

राउटर बदलल्यावर आणखी एक गोष्ट होते. विंडोज ते नवं नेटवर्क समजतं आणि 'पब्लिक' गटात टाकतं. मग सर्व्हरची फायरवॉल बाहेरून येणारी हाक गुपचूप गिळते, नकारसुद्धा देत नाही. मागणाऱ्याने वीस सेकंद वाट बघायची. सर्व्हरवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' करा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका.

वायफायची रेंज वाढवायला कुणी घरून जुना राउटर आणून त्याच्या पिवळ्या लॅन पोर्टमधून स्विचला जोडला असेल तर तेही शोधा. आता ऑफिसात नंबर वाटणारे दोघं झाले. निम्मी मशीन १९२.१६८.०च्या गटात, निम्मी १९२.१६८.१च्या गटात, आणि दोन्ही गटांना एकमेकांचे फोल्डर दिसत नाहीत. जुन्या राउटरमधली नंबर वाटायची, म्हणजे डीएचसीपीची, सोय बंद केली आणि त्याला मोकळा वेगळा नंबर दिला की तो निमूट वायफायचं काम करतो.

केबल आणि स्विच

आता थोडे पैसे लागतील, पण फार नाही.

अडकणाऱ्या मशीनवर सेटिंग्जमध्ये 'इथरनेट' उघडून 'लिंक स्पीड' बघा. स्विच गिगाबिटचा असेल तर १००० एमबीपीएस दिसायला हवं. १०० दिसत असेल तर केबलमधली एखादी जोडी गेलेली असण्याची शक्यता आहे. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एक तार तुटली तरी जोडणी बंद पडत नाही, खालच्या वेगावर येते. एक जीबीची फाइल कॉपी करून बघा. गिगाबिटवर दहा-बारा सेकंदांत व्हायला हवी, १०० वर दीड मिनिट लागतं.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' लिहून सर्व्हरचा नंबर आणि शेवटी डॅश टी असं लिहा आणि दहा मिनिटं तसंच चालू द्या. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर प्रत्येक उत्तर एक-दोन मिलिसेकंदांच्या आत यायला हवं आणि एकही हाक हरवता कामा नये. मधे मधे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल तर पॅच कॉर्ड, म्हणजे मशीनला लावलेली छोटी केबल, बदला. तरी येत असेल तर स्विचचं दुसरं पोर्ट. तरी येत असेल तर मशीन उचलून सर्व्हरच्या बाजूला न्या आणि थेट छोट्या केबलने स्विचला जोडा. तिथे नीट चाललं तर दोष भिंतीतल्या केबलमध्ये किंवा तिच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये आहे.

कनेक्टरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा दोष साध्या टेस्टरलाही सापडत नाही. काही जण क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवताना, रंगांच्या जोड्या शेजारी शेजारी लावतात: नारंगी जोडी, मग हिरवी जोडी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना सारखंच लावलं की टेस्टरचे आठही दिवे लागतात आणि काम झालं असं वाटतं. पण तिसरी आणि सहावी पिन ही एकाच पिळातली जोडी असावी लागते. तसं नसेल तर दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारा एक काम करतात, एकमेकींचा सिग्नल बिघडवतात आणि मोठी फाइल निघाली की हाका हरवायला लागतात. बरोबर क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टर पारदर्शक असतो, उजेडात धरून रंग वाचता येतात. दोन्ही टोकं वाचा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते, त्यात खाडीजवळच्या गाळ्यांत आणि तळमजल्यांवर कनेक्टरच्या पिना काळ्या-हिरव्या पडतात. जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत 'आपोआप' बरा होणारा त्रास असेल तर आधी हेच बघा. कनेक्टर कापून नवा लावणं हाच उपाय, घासून काही दिवस निभतात एवढंच. नवी केबल घेताना पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण वाकवली की आत तुटते. आणि लॅनची केबल ट्यूबलाइट-एसीच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेऊ नका.

सगळीच मशीन एकदम थांबली आणि स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, एकसारखे वेगाने लुकलुकत असतील, तर एखाद्या केबलची दोन्ही टोकं स्विचलाच लागलेली असतात. साफसफाईनंतर मोकळं लोंबणारं टोक कुणीतरी चांगल्या मनाने रिकाम्या पोर्टात खोचतं. साध्या स्विचला हा फेरा ओळखता येत नाही आणि तोच तोच संदेश आत फिरत राहून नेटवर्क भरून जातं. एकेक केबल काढत जा, जी काढल्यावर दिवे शांत होतात ती गुन्हेगार. स्विच स्वतःच फार गरम होत असेल, बंद-चालू केल्यावर एखादा दिवस बरा चालत असेल, तर तो बदला. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच फार महाग नाही.

लॅपटॉप वायफायवरून टॅली चालवत असेल तर तो केबलवर आणा. वायफायवर हाका हरवणं नेहमीचं आहे. वेबसाइटला ते कळत नाही, पण शेअर फोल्डरमधल्या चालू डेटाला कळतं.

सर्व्हरच्या आत

साधं विंडोज, म्हणजे विंडोज १० किंवा ११ प्रो, एका वेळी वीसच जोडण्या घेतं. पंधरा मशीन, त्यात स्कॅन पाठवणारा झेरॉक्सवाला प्रिंटर, दोन-तीन लॅपटॉप असे वाढत गेले की विसावा कधी झाला कळत नाही. सर्व्हरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स'खाली 'सेशन्स' बघा. यादी विसाच्या आसपास असेल तर इलाज नेटवर्कमध्ये नाही. नॅस, म्हणजे थेट नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, किंवा खरं सर्व्हर विंडोज घ्यायची वेळ आली आहे.

अँटिव्हायरस सर्व्हरवरही असतो आणि मागणाऱ्या मशीनवरही, मग एकच फाइल दोनदा तपासली जाते. मागणाऱ्या मशीनवर नेटवर्क ड्राइव्हची तपासणी बंद करता येते. सर्व्हरवरची मात्र चालू राहू द्या. हजारो स्कॅन आणि फोटो एकाच फोल्डरात असतील तर एक्सप्लोररमध्ये 'डिटेल्स' हा देखावा ठेवा आणि प्रिव्ह्यू बंद करा. छोटी चित्रं बनवायला प्रत्येक फाइल नेटवर्कवरून ओढावी लागते.

जुना नॅस नव्या विंडोजवरून उघडत नाही म्हणून कुणी 'एसएमबी १ चालू करा' असा सल्ला देईल. करू नका. ही शेअरिंगची जुनी भाषा विंडोज १० च्या २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून मूळ मांडणीतूनच काढली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच भोकातून जगभर पसरला. जूनमध्ये पेट्या नावाच्या व्हायरसच्या हल्ल्यात खाडीपलीकडे न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, आणि त्याच्या पसरण्याच्या वाटांतही ही एक होती. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये पासवर्डशिवायचा 'गेस्ट' प्रवेशही बंद आहे. नॅसवर प्रत्येकाचं खातं आणि पासवर्ड करा, आणि नॅसच एसएमबी २ किंवा ३ बोलत नसेल तर तो बदला.

लिनक्सवर एनएफएस ही शेअरिंगची पद्धत वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे जोडणी मुळात 'हार्ड' असते, सर्व्हर परत येईपर्यंत प्रोग्रॅम कितीही वेळ थांबतो, डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी 'डीएफ'सारखी साधी आज्ञाही लटकते. 'सॉफ्ट' केलं की सुटका होते, पण लिहिणं अर्धवट राहण्याचा धोका येतो. म्हणून सॉफ्ट फक्त वाचण्यापुरत्या फोल्डरांना लावा.

इथे थांबा

वरचं सगळं नीट आहे आणि सगळी मशीन तरीही एकदम अडकतात, तर सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा. अडकण्याच्या क्षणी सर्व्हरची डिस्क शंभर टक्के आणि वेग जवळपास शून्य दाखवत असेल तर हार्ड डिस्क जायला लागली आहे. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'सिस्टिम'च्या नोंदींत ७, १२९ किंवा १५३ हे क्रमांक 'डिस्क' किंवा डिस्क कंट्रोलरच्या नावाने वारंवार दिसत असतील तर शंका आणखी पक्की होते. सात म्हणजे खराब झालेला भाग सापडला. एकशे एकोणतीस आणि एकशे त्रेपन्न म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून मागणी रीसेट करावी लागली किंवा पुन्हा पाठवावी लागली.

हे दिसल्यावर पुढे काही तपासू नका. चेकडिस्क चालवू नका, डीफ्रॅग करू नका, 'रिपेअर'ची सॉफ्टवेअर उतरवू नका. अशी डिस्क प्रत्येक वाचनाने थोडी थोडी संपत असते, म्हणून तिच्याकडून आता एकच काम करून घ्यायचं. सगळ्यांना बाहेर पडायला सांगा आणि सगळ्यात महत्त्वाचा फोल्डर, म्हणजे टॅलीचा डेटा आणि चालू वर्षाच्या फाइली, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. जुन्या बॅकअपवर ती प्रत टाकू नका, वेगळ्या जागी ठेवा, कारण नवी प्रत खराब निघाली तर जुनीच कामाला येणार. डिस्क टकटक आवाज करत असेल तर कॉपीसुद्धा करू नका, मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

आणखी काही प्रसंगी माणूस बोलवा, स्वतः हात घालू नका. नॅसवर एकापेक्षा जास्त डिस्क आहेत आणि त्यातली एक लाल दिवा दाखवते, तेव्हा क्रम न बघता डिस्क काढून घातल्या तर उरलेला डेटाही जातो. ऑफिस डोमेनवर आहे, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड एकाच सर्व्हरवर ठरतात, तेव्हा नावाची आणि डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची, सेटिंग बदलू नका. टॅली डेटा उघडताना त्रुटी दाखवते, तेव्हा मूळ फोल्डरची प्रत काढल्याशिवाय दुरुस्तीचं बटण कुणालाही दाबू देऊ नका. भिंतीतली केबल बदलायची असेल आणि ती विजेच्या वायरींसोबत गेलेली असेल, तर आधी इलेक्ट्रिशियन. आणि फाइलींची नावं अचानक बदलली, शेवटी विचित्र अक्षरं लागली, प्रत्येक फोल्डरात एक नवी मजकुराची फाइल दिसली, तर तो खंडणी मागणारा व्हायरस समजून सगळ्या मशीनच्या लॅन केबल आणि सर्व्हरची केबल लगेच काढा, बॅकअपची डिस्क कुठेही जोडू नका आणि तज्ज्ञाला फोन करा.

माणूस बोलवण्याआधी एका कागदावर दोन दिवसांच्या नोंदी करून ठेवा: किती वाजता अडकलं, एकच मशीन की सगळी, किती सेकंद, त्या वेळी कोण काय करत होतं, केबल काढल्यावर सुटलं का, नावाने आणि नंबराने उघडून बघितलं तर काय झालं. सर्व्हरचा नंबर, राउटरचा पासवर्ड आणि टॅली डेटा कोणत्या फोल्डरात आहे हेही त्याच कागदावर लिहा. एवढं हातात असेल तर येणारा माणूस फॉरमॅट मारायला सुरुवात करणार नाही, थेट दोषाजवळ जाईल. तरीही पहिल्या पाच मिनिटांत "फॉरमॅट मारावं लागेल" असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा की सर्व्हरची डिस्क, स्विच आणि जुने मॅप ड्राइव्ह बघितले का. उत्तर नाही असेल तर दुसऱ्या माणसाला बोलवा.